बारा दिवसांचे मिशनरी

नवीन पनवेलच्या आमच्या मंडळीत गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर चहाबरोबर एक वही फिरली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘जपान मिशन ट्रिप, 12 दिवस, माणशी सव्वा लाख.’ खाली अकरा नावं आणि बारावी ओळ रिकामी. बहुतेक पोरं माझ्या ओळखीची, दोघं-तिघं तर माझ्याच क्लासला इंग्रजी शिकलेली. कार्यक्रम ठरलेला होता: ओसाका, क्योतो, तोक्यो, एक गिटार, दोन नाटुकली, जपानीत पाठ केलेलं एक गाणं आणि स्टेशनाबाहेर वाटायला पत्रकं. पाळकसाहेबांनी वही माझ्यापुढे धरली ती पैशांसाठी नव्हे. मी जपानात वर्षभर राहून आलेली, मुलांना चार शब्द सांगावेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, एवढीच त्यांची इच्छा. मी चहा संपवला आणि म्हटलं, “साहेब, यांना पाठवू नका.”

तेव्हापासून मंडळीत लोक माझ्याशी जरा जपूनच बोलतात. बारावी ओळही भरली म्हणे. चहाच्या कपाएवढ्या वेळात जे सांगता आलं नाही ते म्हणून इथे लिहिते आहे. हे वाचणारे बहुतेक जण ख्रिस्ती नसतील, ठाऊक आहे. पण परक्याच्या घरी जाऊन त्याला आपला देव सांगणं हा काही एकट्या आमच्या मंडळीचा मामला नाही.

आम्ही मूळचे नगरचे. आजोबा तिथल्या मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे तिथेच मास्तर झाले. ज्या अमेरिकन मिशनरी बोर्डाची ती शाळा, त्या बोर्डाची माणसं 1813 साली मुंबईत उतरली, 1831 मध्ये नगरला गेली, 1842 मध्ये त्यांनी तिथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढलं. त्याच बोर्डाने 1869 मध्ये आपला पहिला माणूस जपानला धाडला. क्योतोचं प्रसिद्ध दोशिशा विद्यापीठ 1875 मध्ये निईजिमा जो यांनी शाळा म्हणून सुरू केलं, तेही याच बोर्डाच्या पाठबळावर. म्हणजे बोर्डाच्या बोस्टनमधल्या एकाच घरातून निघालेल्या दोन लेकी, एक नगरला नांदली आणि एक क्योतोला. मी जपानला गेले तेव्हा मनात कुठेतरी असंच होतं की आपण चुलतघरी चाललोय. पंडिता रमाबाईसुद्धा 1888 च्या अखेरीस अमेरिकेतून परत येताना जपानमध्ये थांबल्या होत्या, तिथे त्यांनी व्याख्यानं दिली होती. अशी सगळी शिदोरी बांधून मी एप्रिल 2023 मध्ये ओसाकाला उतरले. वय सत्तावीस, व्हिसा धार्मिक कार्याचा, मुदत एक वर्ष, आणि मिशनच्या भाषेत मी ‘शॉर्ट-टर्म’.

जाण्याआधी दीड वर्ष दर रविवारी दुपारी कळंबोलीच्या मॅकडोनाल्ड्सपाशी पुण्याची बस पकडायची आणि जपानीच्या वर्गाला जायचं, असा माझा क्रम होता. उपासना बुडू नये म्हणून दुपारची तुकडी घेतली होती. जपानीची एन-फोर परीक्षा पास झाले. मला वाटलं, जमलं. ओसाकात पहिल्या आठवड्यात भाजीवाल्या आजींनी पिशवी हवी का म्हणून विचारलं आणि मी त्यांना माझं नाव सांगितलं.

चर्च म्हणजे एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खाली पूर्वी दातांचा दवाखाना होता, त्याची पाटी अजून तशीच. रविवारी अठरा माणसं. सगळ्यांत तरुण बाई बावन्न वर्षांच्या. पाळक चौऱ्याहत्तरचे, आणि ते सकाळी इथे उपासना घेऊन दुपारी गाडी चालवत दुसऱ्या गावच्या मंडळीकडे जायचे, कारण तिथे पाळकच उरला नव्हता. जपानात ख्रिस्ती शंभरात जेमतेम एक. डिसेंबरात मात्र गल्लोगल्ली ख्रिसमसचा केक आणि केएफसीची कोंबडी, आणि हॉटेलांतल्या बनावट चॅपलमध्ये पांढऱ्या झग्यातली लग्नं. लग्न लावणाऱ्या झग्यातल्या गोऱ्या गृहस्थाला ते काम येतं एवढं पुरतं, तो खराच पाळक असायला हवा असं नाही. मला आधी हे सगळं हास्यास्पद वाटलं. मग आठवलं की आमच्याकडेही नाताळात सोसायटीच्या वॉचमनला लाल टोपी घालतातच.

माझं काम मंगळवारी संध्याकाळी. जवळच्या विद्यापीठातल्या मुलांसाठी फुकट इंग्रजी संभाषणाचा वर्ग. जपानात चर्चच्या दारातून तरुण माणूस आत येतो तो बहुतेक वेळा इंग्रजीसाठी. सहा-सात जण यायचे. पहिला महिना त्यांनी मला हवामानाखेरीज काही सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षाला असलेल्यांची नोकरीची शोधाशोध सुरू झालेली. तिला ‘शूकात्सु’ म्हणतात. सगळ्यांचा एकसारखा काळा सूट, एकसारखी बॅग, मुलींचे केस एकसारखे मागे बांधलेले. एक मुलगा तर वर्गात येऊन टाय सैल करायचा आणि पहिली वीस मिनिटं नुसता बसायचा. मी त्याला इंग्रजीत काही विचारायचं सोडून दिलं. मी भाजणीच्या थालीपिठाचं पीठ आईकडून मागवलं होतं, ते लावायचे. तो दोन खायचा. चौथ्या की पाचव्या मंगळवारी त्याने मोडक्या इंग्रजीत विचारलं, “तू देव मानतेस म्हणजे रोज नक्की काय करतेस?”

असा प्रश्न मला नगरला किंवा पनवेलला कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे देव मानणं हे गृहीतच. माझ्याकडे साक्ष होती, म्हणजे आपल्या श्रद्धेची गोष्ट, तयार, पाठ, सहा मिनिटांची, आणि ती या प्रश्नाच्या आसपासही जात नव्हती. मी म्हटलं, सकाळी उठून प्रार्थना करते, पण बरेचदा ती करताना डुलकी लागते. तो हसला. त्या वर्षातला माझा सगळ्यांत बरा उपदेश तोच असावा.

आता जे सांगायला लाज वाटते ते. ज्या संस्थेतर्फे मी गेले तिचा दर महिन्याला एक तक्ता भरायचा असे. किती जणांशी संपर्क, किती पुस्तिका दिल्या, किती जणांनी ख्रिस्ताला स्वीकारण्याचा ‘निर्णय’ घेतला. जून उजाडला तरी माझा तिसरा रकाना कोराच होता आणि दुसऱ्यातही शून्य. वर्गात एक मुलगी यायची, कायम निळा स्वेटर, बोलायची कमी पण मंगळवार चुकवायची नाही. सातव्या मंगळवारी मी तिच्या हातात एक छोटी पुस्तिका ठेवली. रकान्यासाठी. दुसरं कारण शोधून सापडत नाही. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले. पुढच्या आठवड्यात ती पुस्तिका चर्चच्या टपालपेटीत होती. पावसाळा होता, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. मुलगी पुन्हा आली नाही.

पाळकांच्या पत्नीने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की तिची आई एका पंथाच्या नादी लागलेली, घरातली शिल्लक त्यात गेलेली. अशा मुलांना तिथे ‘शूक्यो निसेई’ म्हणतात, म्हणजे धर्माची दुसरी पिढी. धर्म त्यांनी निवडलेला नसतो, आईबापांनी त्यांच्यावर लादलेला असतो.

हा शब्द जपानात घरोघरी झाला तो 8 जुलै 2022 नंतर. त्या दिवशी नारा इथे, ओसाकाहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येईल अशा ठिकाणी, माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळी झाडली गेली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्चला प्रचंड देणग्या दिल्या होत्या आणि घर धुळीला मिळालं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात जबरदस्तीच्या देणग्यांविरुद्ध कायदा झाला, आणि धर्माच्या नावाखाली मुलांचा छळ कशाला म्हणायचं याची सरकारी मार्गदर्शक तत्त्वंही आली. मार्च 2025 मध्ये तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने त्या संघटनेच्या विसर्जनाचा आदेश दिला. त्याआधीच्या पिढीच्या मनात 20 मार्च 1995 आहे, ओम शिनरिक्यो पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला तो दिवस. तेव्हा हसतमुख परदेशी मुलगी स्टेशनाबाहेर पत्रक पुढे करते तेव्हा जपानी मुलाला काय दिसतं, याचा आमच्या वहीतल्या बारा जणांपैकी किती जणांनी विचार केलाय? ते पत्रक तो नाकारणार नाही. वाकेल, घेईल, आभार मानेल. पनवेलला परतल्यावर साक्ष दिली जाईल की हजार पत्रकं वाटली, एकानेही नाही म्हटलं नाही.

मिशनरीबद्दलचा संशय जपानला आयता कुणी शिकवलेला नाही. तो कमावलेला आहे, आणि त्याची एक गाठ थेट आपल्या वसईत आहे.

पनवेलहून वसईला गाडी जाते. कळंबोली, तळोजा, निळजे करत पुढे कोपर, भिवंडी रोड, कामण रोड. गाड्या मोजक्याच, चुकली की दिवस गेला. परत आल्यावर मी मुद्दाम त्या गाडीने वसईला गेले, किल्ल्यात, संत गोन्सालो गार्सियांच्या नावाच्या चर्चमध्ये. हा मुलगा 1556 च्या सुमारास वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई वसईचीच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे जपानी शिकला ते पोरवयात, माणसांत राहून. जेझुइट संघात ब्रदर म्हणून घ्यावं ही त्याची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार केला, मनिलाला गेला, फ्रान्सिस्कनांनी त्याला ब्रदर म्हणून घेतलं, आणि 1593 मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या शिष्टमंडळाबरोबर तो पुन्हा जपानात आला. कशासाठी? दुभाषा म्हणून. देशाचा कारभार ज्याच्या मुठीत होता त्या तोयोतोमी हिदेयोशीपुढे हा वसईचा माणूस दुसऱ्यांचं बोलणं जपानीत सांगत होता.

हिदेयोशीने त्याआधीच, 1587 मध्ये, मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. नागासाकी बंदराचा ताबा काही वर्षं चक्क जेझुइटांकडे होता, तेव्हा त्याला राग येणं नवलाचं नाही. 1596 मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज शिकोकूच्या किनाऱ्याला लागलं. त्याच्या तांडेलाने म्हणे फुशारकी मारली की आमचे मिशनरी आधी जातात, मागून सैन्य. तो खरंच असं बोलला की नाही यावर इतिहासकार भांडतात. जपानने ते खरं मानलं. डिसेंबरात धरपकड झाली. कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची क्योतो, ओसाका, साकाई अशी धिंड काढली आणि मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत महिनाभर चालवत नेलं. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. वीस जपानी, सहा परदेशी, त्यांतला एक वसईकर. सगळ्यांत लहान लुईस इबाराकी बारा वर्षांचा. 1862 मध्ये रोमने त्या सर्वांना संत जाहीर केलं.

मीही ओसाकाहून नागासाकीला गेले, बुलेट ट्रेनने, एका सकाळीत. टेकडी स्टेशनापासून पाच-सात मिनिटांवर. भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या आकृत्या ओळीने उभ्या आहेत, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी 1962 मध्ये केलेल्या. तिथे एका वयस्कर बाईंनी विचारलं कुठून आलात. मी म्हटलं, यांच्यातला एक आमच्या शेजारच्या गावचा. पनवेल-वसईला शेजार म्हणणं म्हणजे थोडी लबाडीच, पण त्या बाईंचे डोळे भरून आले. आजवर एवढ्या सोप्या जपानीत मी एवढं मोठं वाक्य बोललेली नाही.

आमच्या मंडळ्यांतून गोन्सालोचं हौतात्म्य सांगितलं जातं, कॅथॉलिकांचा संत असूनही. मला मात्र त्याच्या मरणापेक्षा आधीची पंचवीस वर्षं जास्त छळतात. तो पोरवयात गेला, नाकारला गेला, दुकानदारी केली, परत आला आणि तोही इतरांचं तोंड म्हणून. भाषा हीच त्याची सेवा होती. बारा दिवसांत कुणी गोन्सालो होत नाही, आणि खरं सांगायचं तर बारा महिन्यांतही नाही. मी त्याचा पुरावा आहे.

नागासाकीच्याच परिसरातली दुसरी गोष्ट तर मिशनऱ्यांनी रोज वाचावी अशी. 1614 च्या बंदीनंतर धर्मगुरू हाकलले गेले, लपलेले पकडले गेले, लोकांना ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवून श्रद्धा सोडल्याचं दाखवायला लावलं. पुढची दोनशेहून अधिक वर्षं त्या गावांत पाळक नाही, शाळा नाही, छापील पुस्तक नाही. मार्च 1865 मध्ये ओउरा इथे नव्या फ्रेंच चर्चमध्ये उराकामीची काही शेतकरी माणसं आली आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना हळूच सांगितलं की आमचं मनही तुमच्यासारखंच आहे. आयाबायांनी, आज्यांनी, गावच्या बाप्तिस्म्याचं पाणी देणाऱ्या माणसांनी ते सांभाळलं होतं. मिशनरी नव्हता, त्याच काळात ते टिकलं. आमच्या तक्त्याचा तिसरा रकाना त्यांच्या कुठल्या कामाचा?

आता उलटी बाजू, कारण रस्ता एकेरी नाही. जपाननेही आपल्याकडे धर्म सांगणारी माणसं पाठवली. निचिदात्सु फुजी 1931 मध्ये भारतात आले, गांधीजींना वर्ध्याला भेटले. वरळीचं जपानी बुद्धमंदिर त्यांच्याच निप्पोनझान म्योहोजी संघाचं. आणि नागपूरकरांना तर नावही सांगायला नको: भदंत सुरई ससाई. 1935 मध्ये जपानात जन्मलेला हा भिक्खू साठच्या दशकात भारतात आला, नागपूरच्या वस्त्यांत राहिला, तिथली बोली बोलू लागला, भारतीय नागरिक झाला, दीक्षाभूमीवर दीक्षा देऊ लागला. त्यांना कुणी ‘परदेशी प्रचारक’ म्हणत नाही. नागपूरने त्यांना आपलं म्हटलं, कारण ते परत जायचं तिकीट काढून आले नव्हते.

इथे माझ्या हिंदू शेजाऱ्यांशी दोन शब्द. खारघरला जानेवारी 2025 मध्ये इस्कॉनचं भव्य मंदिर झालं. आमच्या सोसायटीतले निम्मे लोक बघून आले, मीही गेले, देखणं आहे. ज्यांनी इस्कॉन उभं केलं ते प्रभुपाद 1965 मध्ये एकोणसत्तराव्या वर्षी मालवाहू जहाजाने अमेरिकेला गेले, ते काय पर्यटनाला? आपण पाठवले तर ते संस्कृतीचे दूत, दुसऱ्याने पाठवले तर धर्मांतराचे दलाल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

पण मग तोच गज मला स्वतःलाही लावायला हवा. पनवेल-कर्जतच्या कातकरी वाड्यांवर कुणी बाहेरचा माणूस तांदळाच्या पोत्याबरोबर शुभवर्तमान घेऊन गेला तर मला ते नको असतं, तो माझ्याच धर्माचा असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे. आमच्यातल्या अनेकांना तो निकाल बोचतो. मला ओसाकाहून आल्यावर तो पटायला लागला. निळ्या स्वेटरच्या मुलीला पुस्तिका देताना मी तांदूळ दिला नव्हता, पण तिचा एकटेपणा आणि माझं फुकट इंग्रजी यांचा सौदा केलाच होता. हे वाडीवर चूक असेल तर ओसाकातही चूक.

तिथली पोरं एकटी आहेत हे काही मी रंगवून सांगत नाही. घराबाहेर न पडणाऱ्या माणसांची, ‘हिकिकोमोरीं’ची, संख्या सरकारच्याच पाहणीत सुमारे साडेचौदा लाख निघाली, पंधरा ते चौसष्ट वयोगटातली. 2022 मध्ये पाचशेवर शाळकरी मुलांनी जीव दिला. जपानीत ‘इबाशो’ म्हणून एक शब्द आहे, जिथे आपण नुसतं असलं तरी चालतं अशी जागा. टाय सैल करून वीस मिनिटं बसणाऱ्या त्या मुलाला ती मंगळवारी मिळत होती. तिच्यासाठी कुणी गाणं पाठ करून यायची गरज नाही. कुणीतरी दर मंगळवारी तिथे असण्याची गरज आहे, पुढच्या वर्षीच्या मंगळवारीही. मी मार्च 2024 मध्ये निघाले तेव्हा त्याने विचारलं, पुढच्या मंगळवारी कोण? माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हातारे पाळक म्हणाले, मी आहे. ते आता सत्त्याहत्तरचे.

नवी मुंबईचं विमानतळ सुरू झाल्यापासून नवीन पनवेलच्या पोरांना परदेश म्हणजे शीळफाट्यापलीकडचं गाव वाटायला लागलंय. जा की, जरूर जा. नारा बघा, हरणांना बिस्किटं घाला, नागासाकीला टेकडीवर डोकं टेका. पण मग त्याला सहल म्हणा, आणि खर्च आपल्या खिशातून करा. मंडळीतल्या पेन्शनवरच्या आज्यांनी पाकिटात घालून दिलेल्या पन्नास-पन्नास रुपयांतून नको.

पाळकसाहेब, तुमच्या वहीप्रमाणे पंधरा लाख होतात. त्या बारांतली एक मुलगी मला ठाऊक आहे, जी गिटार वाजवत नाही, फार बोलतही नाही, पण कुणी बोलत असेल तर उठून जात नाही. तिला आधी पुण्याला जपानी शिकायला पाठवा, वर्ष-दीड वर्ष. मग तिला ओसाकाला पाठवा, दोन वर्षांसाठी, तक्ता न देता. कळंबोलीहून रविवारी दुपारी बस कुठे थांबते ते मी तिला दाखवीन.